साहेब अजून केबिनमध्ये आहेत

परवा कॉलेजची एक मैत्रीण चहाला भेटली. एका कंपनीत ती डायरेक्टरची असिस्टंट आहे. म्हणाली, "अरे, माझं काम साडेसहालाच संपतं. पण साहेब केबिनमध्ये बसलेले असताना पर्स उचलून निघायचं कसं? मग नऊपर्यंत उगाच एक्सेल उघडून बसते." मी काय सांगणार, कप्पाळ! गेल्याच महिन्यात मॅनेजरच्या "पाच मिनिटं थांबतोस का?" पायी माझी शेवटची बस चुकली होती.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. साहेबासाठी थांबावं का? आणि थांबायचं तर कुठवर?

शनिवारी सकाळी नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये गेलो. मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत. एक कस्तुरबांची. माझ्यासमोर एका मुलानं वडिलांना विचारलं, "बाबा, ही दुसरी कुणाची?" वडील म्हणाले, "गांधीजींचे सेक्रेटरी होते ते." बस्स. अख्खा माणूस एका वाक्यात संपला!

त्या माणसाचं नाव महादेव देसाई. जन्म १ जानेवारी १८९२, सुरत जिल्ह्यातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए, मग एलएलबी. म्हणजे आजच्या भाषेत उत्तम प्रोफाईल. १९१७ साली गांधीजींनी त्यांना हेरलं. ज्याला शोधत होतो तो माणूस तुझ्यात सापडला, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले आणि महादेवभाई गेले ते गेलेच. तेव्हा वय होतं २५. पुढची जवळजवळ २५ वर्षं हीच त्यांची नोकरी, आणि इथे पगारवाढ, प्रमोशन वगैरे भानगडच नव्हती.

कामाचं स्वरूप काय? पत्रव्यवहार, भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था, साप्ताहिकांचे लेख, भाषांतरं, आणि गांधीजी जे जे बोलतील ते टिपून ठेवणं. शिवाय रोजची डायरी. गांधीजींचा दिवस पहाटे चारच्या सुमाराला सुरू व्हायचा, तेव्हा सेक्रेटरीचाही व्हायचा. गांधीजींची आत्मकथा जगभर वाचली जाते ती मुख्यतः महादेवभाईंच्या इंग्रजी भाषांतरामुळे.

गंमत बघा. १९३३-३४ मध्ये बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात असताना, म्हणजे साहेबांपासून लांब, त्यांना जरा निवांतपणा मिळाला. तिथे त्यांनी केलं काय? तर गांधीजींच्याच गीतेवरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर, वर स्वतःची दीर्घ प्रस्तावना! सुट्टीत लॅपटॉप उघडणारे आपण काही पहिले नाही.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. महादेवभाईंचा मुक्काम मात्र वर्ध्याला मगनवाडीत होता. मधलं अंतर साधारण आठ किलोमीटर. ते चालत जायचे आणि काम आटोपून चालत परत यायचे. वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला जास्त सांगायला नको. अखेर तब्येतीनं हात टेकले. १९३८ मध्ये रक्तदाब इतका वाढला की विश्रांतीसाठी त्यांना सिमल्याला पाठवावं लागलं.

त्याच वर्षी एकदा त्यांनी 'राजीनामा'ही देऊ केला होता. पत्नी दुर्गाबेन कस्तुरबांबरोबर पुरीच्या जगन्नाथ मंदिरात गेल्या. हरिजनांना प्रवेश नसलेल्या देवळात आपली माणसं गेली याचा गांधीजींना जबर धक्का बसला आणि त्यांनी महादेवभाईंना बोल लावले. महादेवभाई म्हणाले, मला जाऊ द्या. गांधीजींनी जाऊ दिलं नाही.

इथे मी अडकलो. गांधीजी काही ऑफिसातले खडूस बॉस नव्हते. महादेवभाईंवर त्यांचं पोटच्या मुलासारखं प्रेम होतं. ते स्वतः तितकेच राबत. महादेवभाईही बळजबरीनं थांबले नव्हते, मनापासून थांबले होते. आणि काम होतं देशाच्या स्वातंत्र्याचं, कुणा क्लायंटच्या प्रेझेंटेशनचं नव्हे. एवढं सगळं असूनही शरीराचा हिशोब चुकला नाहीच. मनापासून जागलेल्या रात्री शरीर काही माफ करत नाही. आणि जो मनापासून थांबतो तो स्वतः 'आता पुरे' म्हणत नाही. म्हणून ते म्हणण्याची जबाबदारी त्याच्या साहेबाची. प्यारेलाल होते, राजकुमारी अमृत कौर होत्या. म्हणजे हात वाटून घेता आले असते.

९ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'च्या धरपकडीत दोघांनाही आगाखान पॅलेसमध्ये आणलं. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टच्या सकाळी, महादेवभाई हृदयविकारानं गेले. वय अवघं ५०. अतिकामानंच गेले असं मी म्हणणार नाही. गांधीजी आता आमरण उपोषण करतील या काळजीनंही ते पोखरले होते. तेव्हा तिथे असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी त्या सकाळची आठवण सांगितली आहे. गांधीजी त्यांना हाका मारत राहिले. त्यांना वाटत होतं, एकदा का त्यानं डोळे उघडून आपल्याकडे पाहिलं की तो उठेल. आजवर त्यानं कधी आपली आज्ञा मोडली नव्हती ना! ७२ वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं मग स्वतःच्या हातानं त्या देहाला आंघोळ घातली.

असो.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, "काम असेल तर थांब, अगदी बारापर्यंत थांब. आपलं वाटणारं काम असेल तर मजाही येते. पण नुसतं साहेब बसलेत म्हणून बसू नकोस. आणि उद्या तू साहेब झालीस की साडेसहाला बाहेर येऊन बघ, कोण उगाच बसलंय ते."

ती हसली. म्हणाली, "सोमवारी विचारते त्यांना, मी निघू का म्हणून."

"विचारू नकोस," मी म्हटलं. "निघते म्हणून सांग."