डबल आयपीए

डबल आयपीए किंवा इंपीरियल आयपीए हा एल जातीच्या बिअरचा एक प्रकार आहे. इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए, या बिअरपेक्षा यात हॉप्स व मद्यार्क दोन्ही अधिक असतात. मात्र 'डबल' म्हणजे नेमके दुप्पट नव्हे. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार यात आकारमानाने ७.५ ते १० टक्के मद्यार्क आणि ६० ते १०० आयबीयू (कडवटपणाचे एकक) अपेक्षित असतात.

इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतात येत असे. हॉप्समधील कडू द्रव्ये जिवाणूंची वाढ रोखत असल्याने ती लांबच्या प्रवासात टिकत असे. डबल आयपीएचा उगम मात्र अमेरिकेतील आहे. विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे तयार केलेली बिअर हे त्याचे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

निर्मिती

मोड आणून वाळवलेली बार्ली (माल्ट), पाणी, यीस्ट आणि हॉप्स हे मुख्य घटक होत. हॉप्स ही एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले असतात. उकळताना घातलेल्या हॉप्समुळे कडवटपणा येतो, तर आंबवण झाल्यावर घातलेल्या हॉप्समुळे गंध येतो. या दुसऱ्या क्रियेस ड्राय हॉपिंग म्हणतात.

आस्वाद व मूल्यमापन

उपरोक्त संस्थेच्या पद्धतीत एकूण ५० गुण असतात: गंध १२, रूप ३, चव २०, मुखस्पर्श ५ आणि एकूण परिणाम १०. बिअर अतिथंड असल्यास गंध दबतो; म्हणून ती साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला, तोंडाशी निमुळत्या पेल्यात घेतात. फेस विरण्यापूर्वी गंध पाहिला जातो. त्यात संत्रे, पपनस, आंबा, पाइन वृक्षाची राळ यांची आठवण व्हावी, अशी अपेक्षा असते. रंग सोनेरी ते फिकट तांबूस असतो. कडवटपणा तीव्र असला तरी घशाला खरखरणारा नसावा. माल्टने त्याला आधार द्यावा, पण गोडवा वरचढ होऊ नये. मद्यार्काची जळजळ हा दोष ठरतो.

हॉप्सचा गंध अल्पायुषी असतो. ऑक्सिजन व उष्णता यांमुळे तो मंदावून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. प्रकाशामुळे उग्र दुर्गंध निर्माण होतो. त्यामुळे धुळे, शिरपूर यांसारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या भागांत अखंड शीतसाठवण नसल्यास उत्तम डबल आयपीएदेखील गुण गमावते. परीक्षणापूर्वी उत्पादनाची तारीख पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलली या ब्रुअरीपासून महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरचा प्रसार झाला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांत ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर 'स्ट्राँग' म्हणून वर्गीकृत आहे. त्यामुळे या मर्यादेत डबल आयपीएला ७.५ ते ८ टक्के एवढाच अरुंद पट्टा उरतो. तसेच 'स्ट्राँग' ही संज्ञा केवळ मद्यार्क दर्शवते. हॉप्सचे प्रमाण किंवा दर्जा तीवरून कळत नाही. बाजारातील नेहमीची स्ट्राँग लागर आणि डबल आयपीए यांत मद्यार्क जवळपास सारखा असू शकतो, परंतु गंध व चव यांच्या दृष्टीने ती दोन सर्वथा भिन्न पेये आहेत.