‘सार्वजनिक हित’ आणि नदीचा बांध : अमेरिकेच्या १८९९ च्या नद्या व बंदरे कायद्यातील चौदाव्या कलमाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

सार्वजनिक पैशातून उभारलेला पूरबांध, धक्का किंवा सागरी भिंत यांत कोणासही परस्पर बदल करता येऊ नये, हे तत्त्व वरवर पाहता निर्विवाद वाटते. मात्र असा बदल कधीतरी आवश्यक ठरतो. त्या वेळी परवानगी कोणी द्यावी आणि ती कोणत्या कसोटीवर द्यावी, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर ३ मार्च १८९९ रोजी संमत झालेल्या नद्या व बंदरे कायद्याच्या चौदाव्या कलमाने दिले. संघीय विधिसंहितेत हेच कलम आज ‘कलम ४०८’ या क्रमांकाने ओळखले जाते. प्रस्तुत लेखात या कलमाची पार्श्वभूमी, त्याचा विस्तार आणि त्यातील ‘सार्वजनिक हित’ या शब्दप्रयोगाची ऐतिहासिक वाटचाल यांचा विचार केला आहे.

कलमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२४ साली गिबन्स विरुद्ध ऑग्डेन या खटल्यात जलवाहतूक ही आंतरराज्यीय व्यापाराचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे नौकानयनयोग्य नद्यांवर संघीय सरकारचा अधिकार मान्य झाला, तरी नदीपात्रातील अडथळ्यांना प्रतिबंध करणारा सर्वसाधारण संघीय कायदा अस्तित्वात नव्हता. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे विलामेट नदीवरील पुलासंबंधी १८८८ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्टपणे दाखवून दिली. काँग्रेसने स्वतः कायदा केल्याखेरीज अशा अडथळ्यांना मनाई करणारा कोणताही संघीय नियम नाही, असे न्यायालयाचे मत पडले. १८९० चा कायदा हे या निर्णयाला दिलेले पहिले उत्तर होते. १८९९ च्या कायद्याने ही तरतूद अधिक सुसूत्र केली.

या कायद्याची नववी, दहावी व तेरावी कलमे अनुक्रमे पूल व धरणे, पात्रातील अडथळे आणि टाकाऊ पदार्थ यांविषयी आहेत. चौदाव्या कलमाचा विषय मात्र सरकारने स्वतः उभारलेली बांधकामे हा होता. सागरी भिंत, जेटी, बांध, धक्का इत्यादींचा ताबा घेणे, त्यांवर बांधकाम करणे, त्यांत बदल करणे, त्यांना इजा पोहोचविणे किंवा त्यांची उपयुक्तता कमी करणे या कृत्यांना त्याने मनाई केली. कायद्याचा भंग करणाऱ्यास ५०० ते २,५०० डॉलर दंडाची किंवा कारावासाची तरतूद होती. गुन्ह्याची खबर देणाऱ्यास दंडाची निम्मी रक्कम मिळे. नदीकाठाच्या हजारो मैलांवर देखरेख ठेवण्याइतके मनुष्यबळ सरकारपाशी नव्हते, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

यातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. पूरनियंत्रणाचा पहिला संघीय कायदा १९१७ साली झाला. तथापि ‘पूर रोखण्यासाठी’ उभारलेल्या कामांचा उल्लेख १८९९ च्या कलमात आधीच होता. मिसिसिपी नदी आयोगाची स्थापना १८७९ साली झाल्यानंतर जलवाहतुकीच्या नावाखाली बांधांवर संघीय पैसा खर्च होत होताच. कायद्याची भाषा येथे अधिकृत धोरणाच्या पुढे गेलेली दिसते.

मूळ कलमात परवानगीची तरतूद मर्यादित होती. प्रमुख अभियंत्याच्या शिफारशीवरून युद्धमंत्र्यांनी केवळ तात्पुरत्या वापरास संमती द्यावी आणि तीही सार्वजनिक हितास बाध येत नसेल तरच, असे त्याचे स्वरूप होते. ‘सार्वजनिक हित’ म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नव्हती.

१९२७ : कॅर्नार्व्हन येथील बांध

ही व्याख्या नसण्याचा अर्थ १९२७ च्या महापुराने प्रकट केला. त्या वर्षी मिसिसिपीच्या खोऱ्यात सुमारे २७,००० चौरस मैल प्रदेश जलमय झाला. न्यू ऑर्लिन्स शहर वाचविण्यासाठी तेथील बँकर्स व प्रतिष्ठित मंडळींनी शहराच्या खालच्या अंगाचा बांध फोडण्याचा आग्रह धरला. २९ एप्रिल १९२७ रोजी राज्यपाल सिम्पसन यांच्या कारकिर्दीत कॅर्नार्व्हन येथील बांध सुरुंगाने फोडण्यात आला. सेंट बर्नार्ड व प्लाकमिन्स या दोन पॅरिशमधील, म्हणजे लुइझियानातील जिल्ह्यांमधील, हजारो शिकारी, कोळी व शेतकरी कुटुंबे विस्थापित झाली. लवकरच नदीच्या वरच्या भागातील बांध आपोआप फुटले आणि शहरावरचा ताण ओसरला. फोडलेला बांध फोडण्याची गरजच नव्हती, असे अभ्यासक मानतात. नुकसानभरपाईचे वचन देण्यात आले होते, परंतु बहुतेकांच्या हाती फारच थोडे पडले.

बांध कोठे फोडावा हे अभियंत्यांनी सांगितले. पाणी कोणाच्या दारात जावे हे मात्र अभियांत्रिकी ठरवीत नव्हती. शहराचे हित हेच सार्वजनिक हित मानले गेले आणि ज्यांचे घर बुडणार होते त्यांचा त्या निर्णयात वाटा नव्हता.

विस्तार : १९२८ ते १९८५

१९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने केवळ बांधांवर विसंबण्याचे धोरण सोडून सांडवे व पूरमार्ग स्वीकारले. त्याच कायद्यातील तिसऱ्या कलमाने पुरामुळे होणाऱ्या हानीची कोणतीही जबाबदारी संघीय सरकारवर राहणार नाही, असेही ठरविले. १९३६ च्या कायद्याने पूरनियंत्रण हे संघीय सरकारचे उचित कार्य असल्याचे घोषित केले. जमीन देणे व बांधांची देखभाल करणे ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. १९४४ च्या नियमांनुसार बांधावरून, बांधाखालून वा बांधातून काहीही न्यायचे असल्यास जिल्हा अभियंत्याचा पूर्वनिर्णय अनिवार्य झाला.

कलमाच्या मजकुरातील महत्त्वाचा बदल १९८५ साली झाला. कायमस्वरूपी बदलासही परवानगी देण्याचा अधिकार लष्करमंत्र्यांस मिळाला. यासाठी दोन अटी घालण्यात आल्या. बदलामुळे सार्वजनिक हितास बाध येऊ नये आणि बांधकामाच्या उपयुक्ततेत उणेपणा येऊ नये. पैकी दुसरी अट मोजता येण्याजोगी होती, पहिली नव्हती.

कॅटरिनानंतर

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या सतराव्या स्ट्रीट व लंडन अॅव्हेन्यू कालव्यांच्या पूरभिंती अपेक्षित पातळीपेक्षा कमी पाण्यातच कोसळल्या. २००८ मध्ये संघीय न्यायालयाने १९२८ च्या त्याच तिसऱ्या कलमाच्या आधारे या कालव्यांसंबंधीचे दावे फेटाळले. यानंतर लष्करी अभियंता दलाने परवानगीची छाननी कडक केली. २००६, २०१४ व २०१८ साली नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. विलंबाच्या तक्रारी वाढल्याने २०१६ च्या कायद्याने परिपूर्ण अर्जावर ९० दिवसांत निर्णयाची अपेक्षा ठेवली. या साऱ्यातून दुसऱ्या अटीची तांत्रिक बाजू भक्कम होत गेली.

पहिल्या अटीला आशय मिळाला तो मुख्यतः बाहेरून. १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यामुळे परिणामांचा अभ्यास व जनतेचे म्हणणे यांना स्थान मिळाले. तथापि हे स्थान निर्विघ्न नव्हते. जुलै २०१६ मध्ये ओआहे जलाशयाखालून तेलवाहिनी नेण्यास या कलमाखाली परवानगी मिळाली, तेव्हा स्टँडिंग रॉक सू जमातीने तीव्र विरोध केला. १९४४ च्या पूरनियंत्रण योजनेतील याच जलाशयाने त्यांची सुपीक नदीकाठची जमीन पूर्वी बुडविली होती, हा संदर्भ विसरता येत नाही. २०२० साली न्यायालयाने अधिक विस्तृत पर्यावरणीय अभ्यासाचा आदेश दिला.

पुन्हा प्लाकमिन्स

इतिहासाने एक वर्तुळ पूर्ण केले ते प्लाकमिन्समध्येच. झिजणारा किनारा गाळाने पुन्हा भरावा यासाठी मिसिसिपीचा बांध मुद्दाम उघडून गाळयुक्त पाणी बारातारिया खाडीत सोडण्याची योजना लुइझियाना राज्याने आखली. डिसेंबर २०२२ मध्ये तीस कलम ४०८ खालील परवानगी मिळाली. या वेळी शिंपले व कोळंबीच्या व्यवसायाची हानी, डॉल्फिनांवरील परिणाम आणि काही वस्त्यांतील वाढीव पाणी यांची नोंद निर्णयापूर्वीच अहवालात झाली होती. भरपाईसाठी निधीही राखून ठेवला होता. २०२३ साली काम सुरू झाले. मात्र वाढता खर्च व स्थानिक विरोध यांमुळे जुलै २०२५ मध्ये राज्याने योजना रद्द केली. मच्छीमारांना हा दिलासा वाटला, तर किनाऱ्याच्या अस्तित्वाची चिंता असणाऱ्यांना हा पराभव वाटला.

निष्कर्ष

चौदाव्या कलमाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बांधाची उपयुक्तता ही कसोटी उत्तरोत्तर काटेकोर झाली, कारण ती अभियंत्यांच्या मोजमापात बसत होती. ‘सार्वजनिक हित’ ही कसोटी मात्र व्याख्येविना राहिली. ज्यांच्या दारात पाणी येणार होते त्यांनी आवाज उठविला आणि अन्य कायद्यांनी तो ऐकण्याची सक्ती केली, तेव्हाच तिला अर्थ लाभला. १९२७ मध्ये हानी झाल्यावर भरपाईचा हिशेब झाला. २०२२ मध्ये हानीची नोंद आधी झाली आणि परवानगी नंतर मिळाली. एवढ्याने वाद मिटला नाही. तरीही परवानगीच्या कागदावर बुडणाऱ्या घराची नोंद असणे ही या इतिहासातील खरी कमाई होय, असे म्हणणे उचित ठरेल.