व्हीसीआरचे हेड आणि घरातील साफसफाई

1980 च्या दशकात महाराष्ट्रातील शहरी आणि निमशहरी घरांत व्हीसीआर येऊ लागला, तेव्हा त्याच्यासोबत ‘हेड साफ करणे’ हे एक नवे कामही घरात आले. रेडिओ किंवा टीव्ही बाहेरून पुसला की भागत असे आणि आतले काम दुरुस्ती करणाऱ्याकडे जात असे. व्हीसीआरचे झाकण मात्र अनेक घरांत घरीच उघडले गेले, आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या की स्पिरिटची बाटली काढायची, हा परिपाठ काही वर्षांतच रुळला. या परिपाठाचे मूळ यंत्राच्या रचनेत आहे, आणि तो घट्ट होण्याचे कारण भाड्याच्या कॅसेटींच्या व्यवहारात आहे.

चुंबकीय टेपवर चित्र नोंदवण्यातील मुख्य अडचण वेगाची होती. आवाजापेक्षा चित्राच्या संकेतातील कंपने शेकडो पटींनी अधिक असल्यामुळे, ध्वनिमुद्रणाप्रमाणे स्थिर हेडसमोरून टेप ओढायची ठरवली, तर ती कमालीच्या वेगाने ओढावी लागली असती. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या गटाने 1956 मध्ये जे यंत्र लोकांसमोर आणले, त्यात टेप संथ ठेवून हेडच फिरते केले होते. दोन इंच रुंद टेपवर चालणारे ते यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांपुरतेच होते. पुढे हेड बसवलेल्या ड्रमभोवती टेप तिरकी वळवून तिच्यावर तिरके पट्टे लिहिण्याची ‘हेलिकल स्कॅन’ पद्धत विकसित झाली आणि यंत्र घरात मावेल एवढे लहान झाले. सोनीचे बेटामॅक्स 1975 मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस 1976 मध्ये आले, आणि अखेरीस भारतातील घरांत व्हीएचएसच रुजले.

व्हीएचएसच्या ड्रमचा व्यास 62 मिलिमीटर असतो. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला 1500 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 25, आणि प्रत्येक फेऱ्यात समोरासमोर बसवलेली दोन हेड एका चित्राचा निम्मा-निम्मा भाग वाचतात. टेप स्वतः सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी सरकते, पण हेड त्याच सेकंदात जवळपास 5 मीटर धावते. तीन तासांचा चित्रपट संपेपर्यंत ही धाव 50 किलोमीटरच्या पुढे जाते आणि तिच्यातील निम्मा पल्ला तरी टेपला घासत पार होतो. हेड म्हणजे फेराइटचा, अर्थात लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिकचा, अतिशय ठिसूळ तुकडा असून त्याच्या टोकाशी एका मायक्रॉनपेक्षाही अरुंद फट असते. टेपवरील लोह-ऑक्साइडचा सुटलेला कण त्या फटीवर बसला की चित्र बिघडते. एक हेड चोंदले तर चित्र दाणेदार होऊन लुकलुकते, दोन्ही चोंदली तर पडद्यावर मुंग्यांखेरीज काही उरत नाही; साध्या यंत्रांत आवाज वेगळ्या, स्थिर हेडवरून येत असल्याने तो मात्र स्वच्छ ऐकू येतो. चित्र नाही पण आवाज आहे, ही हेड चोंदल्याची सर्वांत भरवशाची खूण होती.

15 ऑगस्ट 1982 पासून दूरदर्शनचे रंगीत प्रसारण सुरू झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि रंगीत टीव्हीबरोबर व्हीसीआरचीही ओढ वाढली. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील माणसांच्या सामानातूनही ही यंत्रे गावोगावी पोहोचली. ज्यांना ती परवडत नव्हती ते टीव्ही, व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणत. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की 1984 मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांसाठी तरतुदी कराव्या लागल्या. साफसफाईच्या दृष्टीने या व्यवहारातील महत्त्वाची बाब अशी की, हलक्या टेपवर प्रतीची प्रत काढलेली एकच कॅसेट असंख्य घरांतून फिरत असे, एका यंत्रातील ऑक्साइडची भुकटी आणि धूळ घेऊन दुसऱ्यात सोडत असे, आणि त्यामुळे कोपऱ्यावरच्या लायब्ररीचे सभासद नकळत एकमेकांच्या यंत्रांतील मळ वाटून घेत होते. स्वतःचे यंत्र कितीही जपले तरी हेड साफ करावेच लागे, ते यामुळेच.

जाणकाराची रीत अशी होती: वीजजोडणी काढावी, झाकणाचे स्क्रू सोडवावेत, हरणाच्या कातड्याचा मऊ तुकडा किंवा तंतू न सुटणारे कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमच्या कडेला हलकेच टेकवावे आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवावा. कापड स्थिर राहते आणि ड्रम फिरतो, हे या कृतीचे मर्म आहे, कारण कापड वर-खाली घासल्यास हेडचा तुकडा निखळतो आणि मग ड्रम बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनीही हाच घात होतो, कारण कापसाचा तंतू हेडच्या कडेत अडकतो. स्थिर हेड, टेपला वळण देणारे खांब आणि कॅपस्टन, म्हणजे टेप पुढे सरकवणारा पोलादी दांडा, यांना मात्र त्या काड्या चालतात. कॅपस्टनवर टेप दाबून धरणारे रबरी चाक, पिंच रोलर, गुळगुळीत झाले की टेप सरकते, वळते आणि शेवटी यंत्र ‘कॅसेट खाते’. बाजारात हेड साफ करण्याच्या कॅसेटीही मिळत. त्यांतील कोरड्या प्रकारची फीत खरखरीत असल्याने मळाबरोबर हेडही झिजत असे, आणि तिचा नेमाने झालेला वापर हे सोयीपायी झालेले मोठे नुकसानच म्हटले पाहिजे.

पावसाळा हा या यंत्राचा खरा शत्रू ठरला. गार ड्रमवर दव साचले की ओली टेप त्याला चिकटते, म्हणून अनेक यंत्रांत दव ओळखून यंत्र बंद ठेवणारा सेन्सर बसवलेला असे. कॅसेटींवरील संकट अधिक चिवट होते: मुंबई आणि कोकणातील पावसाळी दमटपणात रिळाच्या कडेवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटत, आणि अशी एक कॅसेट चालवली की बुरशी हेडवर, तेथून पुढच्या कॅसेटीवर जात असे.

सीडी आणि डीव्हीडीने ही घरगुती विद्या मागे टाकली. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवल्यावर नवे व्हीसीआर मिळेनासे झाले. आता जुनी यंत्रे उघडली जातात ती बहुधा लग्नाच्या कॅसेटीसाठी, जिची दुसरी प्रत कोठेही नसते, आणि त्यामुळे जपणुकीचा क्रमही उलटला आहे: पूर्वी कॅसेटीपासून यंत्र वाचवायचे असे, आता यंत्रापासून कॅसेट. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील पट्टे सैल झालेले असतात आणि वंगण घट्ट झालेले असते. त्यामुळे सफाईनंतरही लग्नाची कॅसेट लगेच आत न घालता आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावतात, ती पुढे-मागे चालवतात, आणि बाहेर काढून झडप उचलून टेपची कड चुरगळली आहे का ते पाहतात.