स्मृतिकड्यांपासून विद्युत्घटापर्यंत : जॉन गुडइनफ यांचे संशोधन

एखाद्या संशोधकाचे कार्य गणकयंत्रे, संवेदके आणि ऊर्जासंचय अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत विखुरलेले दिसले, म्हणजे त्याने वारंवार विषय बदलला असा समज होतो. जॉन बॅनिस्टर गुडइनफ (१९२२–२०२३) यांच्याविषयी मात्र तो यथार्थ नव्हे. धातूंच्या ऑक्साइडांत इलेक्ट्रॉन कोठे आणि कोणत्या ऊर्जापातळीवर असतो, हाच त्यांच्या चिंतनाचा मूळ प्रश्न होता.

१९५२ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे गणकयंत्राच्या स्मृतीसाठी फेराइटाची बारीक कडी सिद्ध करण्याचा उद्योग चालू होता. प्रत्येक कडे चुंबकनाच्या दोन दिशांपैकी एक धारण करून एकच अंक, शून्य किंवा एक, साठवीत असे. ती दिशा त्वरेने व निःशेष उलटणे आवश्यक होते. या अभ्यासाबरोबरच, शेजारच्या धातुआयनांचे चुंबकत्व ऑक्सिजनच्या द्वारे कसे जुळते याचे विवेचन गुडइनफ यांनी १९५५ मध्ये केले. तेच पुढे गुडइनफ-कानामोरी नियम म्हणून रूढ झाले.

लष्करी निधीवरील संशोधनाचा लष्करी कार्याशी प्रत्यक्ष संबंध असावा, असे बंधन अमेरिकी काँग्रेसने १९६९ मध्ये घातले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ऊर्जेच्या प्रश्नाकडे वळू पाहणाऱ्या गुडइनफ यांना ते जाचक ठरले. तरीही हाँग व काफलास यांच्यासह त्यांनी सोडियमचे आयन सुलभतेने वाहून नेणारी घन संयुगे १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ‘नासिकॉन’ नावाने ओळखली जाणारी ही संयुगे पुढे इतरांनी कार्बन डायऑक्साइडच्या संवेदकांत योजिली.

त्याच वर्षी गुडइनफ ऑक्सफर्डला गेले. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्या लिथियम घटात टायटॅनियम डायसल्फाइड वापरलेले होते. त्याचा दाब दोन व्होल्टांहून थोडाच अधिक होता. सल्फाइडांपेक्षा ऑक्साइडांतील इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या अधिक खोल असतात. म्हणून ऑक्साइड वापरल्यास अधिक दाब मिळावा, असे गुडइनफ यांचे अनुमान होते. मिझुशिमा, जोन्स व वाइझमन या सहकाऱ्यांसह त्यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाने सुमारे चार व्होल्ट दाब मिळवून ते सिद्ध केले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्याला कार्बनी ऋणाग्राची जोड दिली आणि १९९१ मध्ये असा घट जपानमध्ये बाजारात आला. पुढे टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या गटाने महागड्या कोबाल्टाऐवजी लोह-फॉस्फेटाचा मार्ग १९९७ मध्ये दाखविला. २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

१९६९ च्या बंधनामागे उपयुक्त संशोधन आधीच निवडता येते, असे गृहीत होते. परंतु स्मृतिकड्यांच्या कामी आलेले ऑक्साइडांतील इलेक्ट्रॉनांचे ज्ञानच अडीच दशकांनी विद्युत्घटास उपकारक ठरले. मूलभूत प्रश्नाचे फळ कोणत्या शाखेस लागेल, हे तो प्रश्न विचारताना सांगता येत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.