थ्रेशरला परत कोण बोलावणार?



आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं-नातवंडं आता अमेरिकेत आहेत. तिकडे अंगणातलं गवत कापायचं यंत्र जवळजवळ घरोघरी असतं, आणि ते पेट्रोलवर चालतं. (तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात. आपण उगाच सिलिंडर शोधत बसतो.) कधी कधी त्यांना कंपनीचं पत्र येतं की तुमच्या मॉडेलच्या टाकीतून पेट्रोल झिरपतंय, आग लागू शकते, यंत्र वापरू नका, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो किंवा पैसे परत करतो. याला रिकॉल म्हणतात, म्हणजे विकलेला माल परत बोलावणं. आमच्या भैरवगढच्या बाजूला शेतांत जी यंत्रं आली, त्यांच्यासाठी असं पत्र का आलं नाही, ते आज लिहितो.

भैरवगढ, म्हणजे बोलण्यात भेरूगढ, सगळ्यांना काळभैरव, सिद्धवट, जेल आणि छिप्यांची बटिक छपाई यांमुळे माहीत आहे. पण जरा पुढे गेलं की मालव्याची काळी माती लागते आणि गव्हाची शेतं सुरू होतात. पूर्वी खळ्यावर बैल फिरवून मळणी व्हायची. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शेतीला कर्ज द्या असा हुकूम आला, आणि आमच्यासारखे बी.कॉम. झालेले शहरी लोक पंपसेट, ट्रॅक्टर, थ्रेशरची प्रकरणं करू लागलो. मागून सोयाबीन आलं. पंधरा दिवसांचं काम दोन दिवसांत होऊ लागलं. थ्रेशरनं शेतकऱ्याचं भलं केलं नाही, असं मी म्हणणार नाही.

पण त्यानं हात खाल्ले, हेही तितकंच खरं. पेंढ्या ज्या पत्र्याच्या नाळेतून आत ढकलायच्या, ती बहुतेक यंत्रांना आखूड असायची. कधी कधी नाळ नसायचीच, नुसतं तोंड. ताटं ओलसर असली की ड्रमला गुंडाळली जातात आणि पेंढीबरोबर हातही ओढला जातो. त्यात वीज यायची रात्री, उजेड कमी, माणूस दिवसभराचा दमलेला, आणि बाही लांब.

आमच्या शाखेत एक शेतमजूर यायचा, त्याचा डावा हात कोपरापासून गेलेला. पुरुषांचा अंगठा डावा घ्यायचा, हा बँकेचा नियम. त्याचा उजवा घ्यायचा आणि बाजूला शेरा मारून अधिकाऱ्यानं सही करायची. तो शेरा मी कितीदा लिहिला असेन. यंत्र मालकाचं, कर्ज मालकाच्या नावावर, आणि हात याचा.

सरकारनं काहीच केलं नाही, असं नाही. भारतीय मानक संस्थेनं १९७९ मध्ये थ्रेशरच्या सुरक्षेचं मानक काढलं. नाळ किमान ९० सेंटीमीटर लांब हवी, त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली हवी. हिशोब साधा होता, माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचताच कामा नये. मग १९८३ मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यामागे मुख्यतः हेच थ्रेशरचे अपघात होते. यंत्राच्या उत्पादनावर आणि विक्रीवर नियंत्रण आणि जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना भरपाई, असा त्याचा हेतू.

त्याच सुमारास अमेरिकेत काय झालं बघा. ग्राहक-सुरक्षेचा आयोग तिथे १९७२ च्या कायद्यानं आला. १९८२ पासून नियम झाला की हातानं ढकलायच्या गवतकापणी यंत्राचा दांडा सोडला, की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. म्हणजे नियम त्यांनीही केले आणि आपणही केले. फरक पडला तो आधीच विकून झालेल्या यंत्रांबाबत. परत बोलवायचं तर यंत्राला नंबर हवा, आणि तो नंबर कोणाच्या घरी आहे याची नोंद हवी.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कर्ज दिलं की शेतावर जाऊन पाहणी करायची, नंबर लेजरशी ताडायचा. इंजिनाला नंबर असायचा. थ्रेशर मात्र लहान वर्कशॉपमध्ये बनलेला, त्यावर रंगानं वर्कशॉपचं नाव आणि शुभ-लाभ. बिलावर लिहिलेलं 'थ्रेशर एक नग'. दुकानदाराकडे गिऱ्हाइकाचा पत्ताही नसायचा, पण आमच्याकडे गाव, सर्व्हे नंबर, बापाचं नाव, सगळं असायचं. वसुलीसाठी ती माहिती लागायची. नाळ बदलायला सांगण्यासाठी ती माझ्याकडे कधी कोणी मागितली नाही. कर्ज फिटलं की फाइल रेकॉर्ड रूममध्ये जायची.

मोटारींचं बघा. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुतीनं पेट्रोल गळतीच्या शंकेवरून सुमारे एक लाख ए-स्टार परत बोलावल्या. त्याच वर्षी नॅनोला आगी लागल्यावर टाटांनी सुमारे ७० हजार गाड्यांत फुकट जादा संरक्षण बसवून देऊ केलं, वर हा रिकॉल नाही असंही सांगितलं! पण गाडी सापडते, कारण आर.टी.ओ.त तिची नोंद असते. २०१९ च्या दुरुस्तीनं गाड्यांचा रिकॉल कायद्यात आला. २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये केंद्रीय प्राधिकरण नेमलं गेलं. ते कुठलीही धोकादायक वस्तू परत बोलवायचा हुकूम देऊ शकतं, त्यात पेट्रोलचा गवतकटरही आला.

हे कटर आता आपल्याकडेही बागांत, बांधांवर दिसतात. गरम सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी यांत वीतभर अंतर, आणि ते कामगाराच्या कुशीला लटकलेलं. यंत्रावर नंबर छापलेला असतो, पण मी पाहिलेल्या बिलांवर तो उतरवलेला नव्हता.

मंडळी, उज्जैन, देवास, इंदूरकडच्या कोणाच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातलं थ्रेशरचं बिल किंवा फोटो असेल तर खाली टाका. नाळ दिसत असेल तर फारच उत्तम. तिची लांबी मोजता आली तर तीही लिहा.