लोणार सरोवर : पुराहवामान आणि जैविक उत्पादकता

बुलढाणा जिल्ह्यातील उल्काविवरात साठलेले खारे, तीव्र अल्कधर्मी सरोवर. गेल्या सुमारे ११,००० वर्षांत मोसमी पाऊस कसा वाढला-घटला आणि त्यापायी पाण्यातले जीवन कसे पालटले, याची सलग नोंद त्याच्या तळाच्या गाळात आहे.

गोदावरी खोऱ्यात अशी नोंद दुर्मीळच. एरवी पुराबरोबर जाणारी माती नदी पुढे वाहून नेते. तिच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागरात ती साठते. तेथील गाळात सापडलेल्या पानांवरच्या मेणावरून, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती वाढल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र ती नोंद अवघ्या खोऱ्याची सरासरी आहे. लोणार याच खोऱ्यात असूनही त्यातून पाणी बाहेर पडत नाही. सुमारे १.८ किमी व्यासाच्या बेसाल्टी विवरात पाऊस आणि धार, रामगया, सीतान्हाणी हे झरे पाणी आणतात. ते जाते मुख्यतः बाष्पीभवनाने. म्हणून पावसातला फरक थेट क्षारांच्या तीव्रतेत उतरतो.

सुषमा प्रसाद व सहकाऱ्यांनी सरोवरातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळस्तंभाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन थरांत गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक आढळतात. पाणी फार आटून क्षार दाटल्यावरच ते तयार होतात. यांवरून ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ अवर्षणकाळ ठरवले गेले.

उत्पादकतेची खरी गुंतागुंत येथेच आहे. उष्ण कटिबंधात ऊन बारमाही असते; त्यामुळे पोषकद्रव्ये, पाण्याची घुसळण आणि क्षारता यांवर शैवलांची वाढ ठरते. ओल्या काळात उतारावरची माती व पालापाचोळा पोषण घेऊन येतो, पण हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगून खालचा थर प्राणवायूविना कोंडला जाऊ शकतो. कोरड्या काळात मासे आणि बहुतेक गोड्या पाण्यातले जीव टिकत नाहीत. मात्र सामू १० च्या आसपास असलेल्या कार्बोनेटयुक्त पाण्यात स्पिरुलिनासारखे नीलहरित जीवाणू मुबलक वाढतात. जीवांचे प्रकार कमी, पण निर्मिती भरपूर. आटलेले तळे म्हणजे मेलेले तळे हा समज लोणारला लागू पडत नाही.

म्हणूनच गाळातला सेंद्रिय कार्बन मोजून उत्पादकता ठरवणे धोक्याचे ठरते. प्राणवायू नसलेल्या तळाशी अवशेष कमी कुजतात, त्यामुळे मोजके जीवनही भरघोस वाटते. नायट्रोजनाच्या समस्थानिकांची साक्ष मोलाची, पण तीही जपून वाचावी लागते. तीव्र अल्कधर्मी पाण्यातून अमोनिया वायू उडतो, हलका नायट्रोजन त्याबरोबर अधिक जातो आणि मागे जड उरतो. हा संकेत क्षारतेचा असू शकतो, शैवलांच्या भरभराटीचा नव्हे.

उत्पादकतेच्या बाबतीत पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवराची गोष्ट वेगळी आहे. ते अतिखोल. विसाव्या शतकातील तापमानवाढीने वरचे पाणी हलके झाले, खालची पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली आणि शैवलनिर्मिती घटली. तेथे उष्णतेने अन्नाची वाट अडवली. उथळ, बंदिस्त लोणारमध्ये पाऊस-बाष्पीभवनाचा हिशेबच सर्वांत निर्णायक ठरतो.

जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली तेव्हा सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग लवणप्रिय हॅलोआर्किया जीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे आढळले. गाळात वाचलेला बदल असा डोळ्यांदेखत घडणे ही अभ्यासकांना मिळालेली अपूर्व संधी होती. त्याच वर्षी लोणारला रामसर करारांतर्गत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. गावाच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये ही गाळाची नोंद वाचण्यातली आजची मोठी अडचण आहे : पावसात काहीही बदल न होता ती शैवल वाढवू शकतात, त्यामुळे तळाचा अगदी वरचा थर खालच्या थरांच्या निकषांनी वाचता येत नाही.