इलॅस्टिकसर्च : पासवर्ड व ओळखपडताळणी

इलॅस्टिकसर्च हा अपाचे लुसीनवर उभारलेला शोध-सर्व्हर असून शाय बॅनन यांनी तो २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्याच्याशी होणारा व्यवहार एचटीटीपीने, सहसा ९२०० या पोर्टवरून चालतो. पडताळणी बंद असेल तर त्या पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही एका डिलीट विनंतीने अख्खा इंडेक्स पुसू शकतो.

इतिहास : सुरुवातीला पडताळणीची सोय नव्हती. २०१५ मधील शील्ड आणि ५.० आवृत्तीसोबत आलेल्या एक्स-पॅकमधील सुरक्षा ही सशुल्क जोड होती. एक्स-पॅकच्या ५.० मालिकेत मुख्य खात्याचा पासवर्ड ‘चेंजमी’ असा ठरलेलाच असे; ६.० पासून तो रद्द झाला. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अनेक सर्व्हरवरील डेटा पुसून खंडणी मागितली गेली. मे २०१९ मध्ये ६.८ व ७.१ या आवृत्त्यांत मूलभूत सुरक्षा मोफत झाली, तर फेब्रुवारी २०२२ मधील ८.० पासून ती आपोआप चालू असते.

साठवण व पडताळणी : नेटिव्ह प्रकारातील खाती ‘.सिक्युरिटी’ या इंडेक्समध्ये, तर फाइल प्रकारातील खाती प्रत्येक नोडवरील साध्या फाइलींत राहतात. त्यामुळे हा इंडेक्स बिघडला तरी फाइलमधील खात्याने आत शिरता येते. एलडॅप, सॅमल, कर्बेरॉस यांचाही आधार घेता येतो. मूळ पासवर्ड साठवला जात नाही. त्याचा बीक्रिप्ट हॅश ठेवतात. हे गणित मुद्दाम संथ असल्याने यशस्वी पडताळणीचा निकाल २० मिनिटे स्मृतीत राखण्याची मूळ सेटिंग आहे. ओळख पटली नाही तर ४०१, ओळख पटूनही परवानगी नसेल तर ४०३ हे उत्तर येते.

पासवर्ड बदलणे : ८.० व पुढील आवृत्त्या पहिल्यांदा सुरू होताना ‘इलॅस्टिक’ या मुख्य खात्याचा पासवर्ड टर्मिनलवर दाखवतात. तो हरवल्यास सर्व्हरवरच ‘इलॅस्टिकसर्च-रीसेट-पासवर्ड’ ही आज्ञा चालवून नवा घेता येतो. नव्या पासवर्डात किमान ६ अक्षरे लागतात. ‘किबाना_सिस्टम’ खात्याचा पासवर्ड बदलला आणि किबाना हे इलॅस्टिकसर्चमधील डेटा दाखवणारे साधन त्याच खात्याने जोडलेले असेल, तर किबानाच्या सेटिंगमध्येही तो बदलावा लागतो. नाहीतर किबानाची जोडणी तुटते.

मर्यादा : बेसिक पद्धतीत पासवर्ड केवळ बेस६४ रूपात जातो. टीएलएस नसेल तर वाटेत ऐकणाऱ्याला तो सहज वाचता येतो. प्रोग्रामसाठी पासवर्डाऐवजी मर्यादित अधिकारांची, मुदत ठरवलेली एपीआय की देणे श्रेयस्कर. एक की रद्द केल्याने बाकीच्यांचे काम अडत नाही.